भाव ठरला, कॅमेरा नाही ठरला

दिघेकाकांच्या दुकानात कॅमेरा मागितला की ते आधी गिऱ्हाईकाचे हात बघत. "बेसा. हात दाखवा," असं म्हणत आणि काउंटरच्या काचेवर दोनदा थापटत, म्हणजे हात इथे ठेवा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस फावल्या वेळात हस्तरेषा बघत असणार. मी म्हटलं, "काका, भविष्य नको, किंमत सांगा." ते म्हणाले, "भविष्य मला येत असतं, तर ज्या वर्षी रोल बंद झाले त्याच वर्षी मी रोल धुवायचं मशीन घेतलं नसतं."

बडोद्याच्या सयाजीगंजात, स्टेशनकडून येणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या आत एका गल्लीत, झेरॉक्सवाला आणि सेव-उसळवाला यांच्या मधे त्यांचं आठ फुटी दुकान होतं. काका सत्तरीकडे झुकलेले, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा बुशशर्ट, चष्मा गळ्यात दोरीला. आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात होते, त्यामुळे घरची मराठी स्वच्छ. पण चाळीस वर्षं बाजारात बसून त्या मराठीला गुजराती फुटलेली, 'बसा'चं 'बेसा' आणि 'नंतर'चं 'पछी' झालेलं. "शांती राखा", "पछी बघू", "धंधो म्हणजे घाई नाही हो" ही त्यांची नेहमीची वाक्यं. मी माने-जगतापांच्या वस्तीत वाढलेला. आमच्याकडे पणजोबांची तलवार होती आणि शांती कोणीच राखत नसे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. या माणसावर माझा राग आहे. त्यांनी मला एकदा नाही, तीनदा गंडवलं, आणि तिन्ही वेळा एका पैशाचीही लबाडी न करता. बडोद्याच्या बाजारात मला असं करणारा दुसरा कोणी भेटला नाही.

हात बघून ते काय ठरवत, हे मी पुढे त्यांच्या स्टुलावर बसून पुष्कळदा पाहिलं. एक निवृत्त बँकवाले आले, त्यांना सगळ्यात मोठा कॅमेरा हवा होता. काकांनी त्यांची सुजलेली बोटं पाहिली आणि म्हणाले, "याची बटणं बारीक आहेत, साहेब. तुम्ही चिडाल. चिडलेल्या माणसाचे फोटो वाकडे येतात." त्यांना जाड बटणांचा, निम्म्या किमतीचा दिला. एक मुलगा लग्नाआधी आठ दिवस आला, मधुचंद्राला अंदमानला निघालेला. काकांनी विचारलं, "फोटो तू काढणार की तुझे निघणार?" तो लाजला. "मग तिला घेऊन ये. तिच्या हाताला बघू." लग्न झाल्यावर दोघं खरंच आली, आणि कॅमेरा तिनेच निवडला. मुलगा बिचारा हातातली पिशवी सांभाळत उभा.

माझा धंदा पंपांचा. वाडी भागातल्या एका पोळीच्या, म्हणजे जुन्या गल्लीच्या, तोंडाशी, लोकांच्या जळालेल्या मोटरी मांडीवर घेऊन मी सुरुवात केली. आज दुकान आहे, गोत्रीला घर आहे, आणि यातलं काहीही मी पहिल्या सांगितलेल्या भावाने घेतलेलं नाही. घराच्या फरशा मी चार महिने भाव करून घेतल्या. बायको, सुलभा, तोवर उघड्या कोब्यावर स्वयंपाक करत होती. ती म्हणते, "तुम्ही भाव करायला लागलात की वस्तू बघतच नाही." फरशा घरात आल्यावर कळलं की त्या ओल्या झाल्या की घसरतात. पण भाव उत्तम मिळाला होता.

माझी मुलगी केतकी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिने तो विषय घेतला त्या दिवशी मी जेवणाच्या ताटावरून ओरडलो होतो, "बेडकं मोजून पोट भरतं का?" ती ताट उचलून आत गेली. त्यानंतर तीन वर्षं तिने मला काही विचारलं नाही. फी भरली का, गाडीत पेट्रोल आहे का, एवढंच. मग एका हिवाळ्यात तिची निवड झाली जामनगरजवळच्या समुद्रावर आठ दिवस राहून काम करायला. ओहोटीला तिथे पाणी मागे जातं आणि खडकांमधले जीव उघडे पडतात. त्यांचे फोटो काढून, मोजून, तिला प्रकल्प लिहायचा होता. त्या फोटोंवर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं. ती आईला म्हणाली, "एखादा छोटा, पाण्यात चालणारा कॅमेरा मिळाला तर बरं." मी बाहेरच्या खोलीत ते ऐकलं.

मला वाटलं, पोरगी बापाचा खिसा वाचवते आहे. माझ्या मेहुण्याचा मुलगा प्रत्येक लग्नात गळ्यात मोठा कॅमेरा घालून फिरतो, आणि माझ्या मुलीने साबणाच्या वडीएवढा घ्यायचा? त्या बेडकांच्या वाक्याचं मला काहीतरी करायचं होतं. माफी मागणं मला जमत नाही. मी ठरवलं, लेन्स बदलता येणारा, नवा, मिररलेस घ्यायचा. त्यातला पहिल्या पायरीचा का होईना, पण दिसायला कॅमेरा दिसला पाहिजे.

दिघेकाकांकडे मी तीन दिवस भाव केला. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, तो मी तिन्ही दिवस बोलताना खाली ठेवला नाही. वस्तू हातात ठेवून भाव केला की दुकानदार अस्वस्थ होतो, ही माझी जुनी रीत. मी उठून गेलो, परत आलो. दुसऱ्या दुकानाचा खोटा भाव सांगितला. बॅग फुकट मागितली, मग कार्ड, मग काच पुसायचं फडकं. काका प्रत्येक वेळी थोडे खाली येत आणि मधेच म्हणत, "छान करता हो तुम्ही. चहा घ्या." माझी तारीफ करणारा दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी आकडा माझ्या मनातल्या आकड्यावर आला. मी हात पुढे केला.

त्यांनी हात हातात घेतला, उलटा केला, माझ्या बोटांवरचे जुने चटके पाहिले आणि विचारलं, "वापरणार कोण?"

"मुलगी. समुद्रावर जायची आहे."

"मग भाव ठरला, कॅमेरा नाही ठरला. तिचे हात घेऊन या."

मी उभा राहिलो. "म्हणजे? भाव ठरला म्हणजे माल विकला! आमच्या बाजारात शब्द म्हणजे शब्द!"

"शब्द आहेच ने. हा भाव मी बदलणार नाही. पण ज्याला समुद्रात जायचंय त्याला बघितल्याशिवाय देत नाही."

"तुम्ही दुकान चालवता की मुली दाखवायचा कार्यक्रम?" मी एवढ्या मोठ्याने बोललो की सेव-उसळवाल्याकडची होस्टेलची पोरं वाट्या हातात घेऊन बाहेर आली. "शब्द म्हणजे शब्द!" मी गल्लीभर ऐकवलं. काका चष्मा पुसत म्हणाले, "शांती राखा, जगतापभाई. दुकान सात वाजेपर्यंत उघडं आहे."

मी तडक मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात गेलो. तोच कॅमेरा, भाव बराच वर, आणि विकणारा पोरगा घासाघीस सुरू केली की "सर, सिस्टिममध्ये नाही" म्हणायचा. सिस्टिमशी भाव करायला मी अजून शिकलेलो नाही. मुकाट्याने घरी आलो आणि केतकीला म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर सयाजीगंजला चल."

"कशाला?"

"एका माणसाला तुझे हात बघायचे आहेत."

तिने आईकडे पाहिलं. सुलभा म्हणाली, "जा बाई. यांना कोणीतरी पुरून उरलेलं दिसतंय. नाव तरी विचारून ये."

दुसऱ्या दिवशी केतकीने काचेवर हात ठेवले. नखांत तळ्याचा चिखल, उजव्या मनगटावर ओरखडा. काकांनी विचारलं, "बेटा, तिथे उभी कशी राहणार?"

"गुडघाभर पाण्यात, काका. ओहोटी असते तेवढेच दोन-तीन तास. एका हातात पाटी आणि पेन्सिल. दुसऱ्या हाताने दगड उचलायचा, खाली काय आहे ते बघायचं, फोटो काढायचा आणि दगड होता तसाच परत ठेवायचा."

"म्हणजे फोटोला हात किती उरले?"

"अर्धा," ती हसून म्हणाली.

काका उठले. सेव-उसळवाल्याची बादली मागून आणली, पाणी भरलं, तळाशी एक वीट ठेवली आणि बादली गल्लीत मांडली. मग कपाटातून एक कॅमेरा काढला. तो कधीच बंद पडलेला होता. काका त्याला 'कैलासवासी' म्हणत. आकार, वजन, लेन्स, सगळं माझ्या मिररलेससारखं. तो त्यांनी केतकीच्या नव्हे, माझ्या गळ्यात घातला. "तीन दिवस भाव तुम्ही केलाय, आता समुद्रात पण तुम्हीच जा. वीट उचला, खाली बघा, परत ठेवा."

मी वाकलो. कॅमेरा माझ्या आधी वाकला. पट्ट्यावरून झुलत पुढे गेला आणि लेन्सच्या बाजूने बादलीत बुडाला. होस्टेलच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पट्टा लांब आहे!" मी म्हणालो.

"आखूड करा ने."

आखूड केला. आता तो हनुवटीला लागला आणि मला बादलीच दिसेना. तिसऱ्या वेळी तो एका हाताने वर धरला आणि दुसऱ्या हाताने वीट उचलली; ती निसटली आणि पाण्याचा फवारा थेट लेन्सवर. केतकी म्हणाली, "बाबा, आणि तुम्ही वीट उलटी ठेवलीत. खालचे सगळे जीव मेले."

मी हार मानणारा नाही. "याला वरून घालायला पाण्यात न्यायचा बंद डबा मिळतो, मी मोबाईलवर बघितलंय."

"मिळतो. किंमत कॅमेऱ्याएवढी, आकार शहाळ्याएवढा. अर्ध्या हातात शहाळं कसं धरणार?"

मग त्यांनी तो छोटा कॅमेरा काढला, वडीएवढा. केतकीने त्याची दोरी मनगटात अडकवली, वाकली, वीट उचलली, हात सरळ पाण्यात घातला, वीट ठेवली आणि उभी राहिली. पडद्यावर विटेच्या खालचा शेवाळाचा ठिपका एवढा मोठा दिसत होता की जणू मीच त्याच्यात पडलोय. काकांनी लगेच तिला बजावलं, "हा एका बोटाच्या अंतरावरून फोटो काढतो, हे खरं. पण उजेड गेला की फोटोला दाणा येणार, रवाळ दिसणार. लांबचा पक्षी मिळणार नाही. हे आत्ताच सांगतो, मागून रडायचं नाही." असं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या बगलेचं बॅटरीचं झाकण उघडलं आणि तो माझ्यापुढे धरला. "हे तुमच्या खात्यातलं, जगतापभाई. मला यातलं फारसं कळत नाही."

झाकणाच्या कडेने दोऱ्याएवढी बारीक रबराची पट्टी होती. सील! तीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत आलो की मोटर किती मोठी हे नका विचारू, सील कसं आहे ते विचारा; पाणी मोटरच्या नावाला घाबरत नाही. आणि इथे मी पाण्यात जायची वस्तू घेताना तीन दिवस फक्त आकडा बघत होतो.

मी चष्मा लावला. केतकीला जवळ बोलावलं. "हे बघ. सगळा खेळ या रबरावर आहे. यावर एक केस जरी राहिला तरी पाणी त्याच्या कडेने आत शिरतं. झाकण लावायच्या आधी बोट फिरवायचं, असं. कोरडं बोट."

"आणि समुद्राचं मीठ, बाबा?"

"मीठ सुकलं की त्याचा खडा होतो आणि रबर कापतो. रोज आल्यावर आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेव. पुरता सुकल्याशिवाय उघडायचं नाही."

"तिथल्या वाळूचं काय? ती मऊ असते, चिखलासारखी."

"मग बोटाने पुसू नकोस, घासली जाईल. पाण्याखाली धर, पाण्यानेच जाऊ दे."

तिने आणखी दोन प्रश्न विचारले. मी झाकण पंधरा वेळा उघडून लावून दाखवलं, तिच्याकडून करून घेतलं, एकदा मुद्दाम तिचाच एक केस सीलवर ठेवला आणि तो तिला शोधायला लावला. तिने शोधला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे, मला काहीतरी येतं अशा नजरेने बघत होती. काकांनी पावती केली, मी पैसे दिले आणि आम्ही निघालो.

रिक्षा गोत्रीच्या रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं. मी ओरडलो, "अरे! मी भाव केलाच नाही!"

केतकी इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. माझं आजही मत आहे की म्हाताऱ्याने ते सील मला मुद्दाम त्या क्षणी दाखवलं.

समुद्रावरून तिसऱ्या दिवशी फोन आला. सुलभाने उचलला, पण केतकी म्हणाली, "बाबांना दे." ती शेवाळावरून घसरून पाण्यात पडली होती, कमरेइतक्या. "लागलं का?" मी विचारलं. "ते राहू द्या. कॅमेरा पूर्ण खाली गेला, बाबा, आणि चालू होता! रात्री केस शोधला होता सीलवर. होता एक! काढला होता." मी म्हटलं, "बेडकं मिळाली का?" ती म्हणाली, "समुद्रात बेडूक नसतात, बाबा," आणि हसली. मला वाटतं तिला कळलं की ही माझी माफी होती.

आल्यावर ती फोटो घेऊन आधी काकांकडे गेली. एका खळग्यातलं समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा एक जीव, आणि त्याच्या पाकळ्यांत लपलेली काचेसारखी आरपार कोळंबी. काकांनी चष्मा लावून बघितलं. "दाणा आहे. संध्याकाळी काढलास." मग चष्मा काढून म्हणाले, "पण इथे तू बाहेर उभी नाहीस. आत गेली आहेस." तिचा प्रकल्प पहिला आला, पुढे तिला समुद्राकाठच्याच एका संस्थेत काम मिळालं. काका मात्र तिने फोन केला की अजून त्या दाण्याबद्दल बोलत.

मी त्यानंतर शनिवारी पंपांचे भाग घ्यायला स्टेशनकडे गेलो की काकांकडे टेकायचो. चहा व्हायचा, भांडण व्हायचं. मी त्यांना सांगायचो की तुम्हाला धंदा कळत नाही, ते म्हणायचे, "कबूल. पण चाळीस वर्षांत परत करायला कोणी आलं नाही." बोलता बोलता मी कपाटातला तो मिररलेस काढून, त्यातून समोरची गल्ली बघत बसायचो. एवढं काचेचं कपाट समोर असताना हाताला काहीतरी चाळा हवा, एवढंच.

दोन वर्षांनी काकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मुलाकडे पुण्याला जायचं होतं. मला फोन आला, "जगतापभाई, या. कॅमेरा ठरला."

गेलो तर कपाटं रिकामी, आणि काचेवर तो एकटा मिररलेस.

"केतकीला आता नको आहे, काका."

"केतकीचं नाव कोणी काढलं? हात दाखवा." मी दाखवले. त्यांनी कॅमेरा माझ्या हातांत ठेवला. "बोट कुठे गेलं बघा." बोट शटरवर होतं. "तिन्ही दिवस भाव करताना तिथेच होतं. गेली दोन वर्षं दर शनिवारी तिथेच असतं. तुम्हाला हवा होता हो हा. पोरीचं नाव पुढे केलंत, तर पोरीचं बघायला लागलं आधी. आता तुमचं बघतो."

मला राग आला. माझ्याबद्दलची गोष्ट मला दुसऱ्याने सांगावी, हे मला खपत नाही. मी स्वतःसाठी कधी काही घेतलं नव्हतं, हे मला तोवर माहीतही नव्हतं. मग मला जे येतं ते मी केलं. "मॉडेल जुनं झालंय. दोन वर्षं कपाटात पडून आहे. भाव खाली आला पाहिजे."

"भाव ठरलेला आहे."

"तो दोन वर्षांपूर्वीचा!"

"शब्द म्हणजे शब्द," काका म्हणाले. "तुम्हीच अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं." शेजारून सेव-उसळवाला ओरडला, "हो हो, मी ऐकलेलं!"

एक रुपया कमी केला नाही. फडकं मात्र दिलं. मी तिथल्या तिथे कॅमेरा चालू केला. काकांना फोटो काढून घ्यायला आवडत नसे, ते तोंड फिरवायला लागले. मी काचेवर दोनदा थापटलं. "बेसा. हात दाखवा." त्यांनी ठेवले. लांब, स्वच्छ बोटं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर, रोल धुवायच्या दिवसांत रसायनाने भाजून राहिलेले तपकिरी डाग. पडद्यावर बघून म्हणाले, "हलला. पण ठीक आहे. पहिलाच आहे."

गेल्या वर्षी ते पुण्यालाच वारले. तो हललेला फोटो माझ्या दुकानात काउंटरच्या वर लावलेला आहे. लोक विचारतात, कोणाचे हात? मी सांगतो, मला गंडवणाऱ्याचे.

परवा एक जण तीन हॉर्सपॉवरचा पंप घ्यायला आला. भाव करणारा पक्का होता, बऱ्याच दिवसांनी मजा आली. तासाभराने आकडा जुळला आणि त्याने हात पुढे केला. मी हात धरला आणि विचारलं, "बोअर किती खोल आहे?"

"त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"भाव ठरला, पंप नाही ठरला. आधी बोअर दाखवा."

तो असा भडकला की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. "दुकान चालवता की चौकशी आयोग?" असं ओरडत तो पायऱ्या उतरला. मी चहावाल्याला खूण केली, दोन पाठव. तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार होता. मीही आलो होतो.